बारगीर ते सुभेदार : मल्हारराव होळकर आणि "घोडा कोणाचा?" हा प्रश्न



चौथीच्या वर्गात शिवाजी महाराजांचं घोडदळ शिकवताना दोन शब्द येतात, बारगीर आणि शिलेदार. आपण फळ्यावर दोन रकाने आखतो. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचं तो शिलेदार. मुलं फरक पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विषय तिथेच संपतो. मीसुद्धा बरीच वर्षं असंच शिकवत आले.

मागच्या वर्षी मात्र हा भाग खेळातून घ्यायचं ठरवलं. कोण काय होणार असं विचारलं, तर सगळ्यांनाच शिलेदार व्हायचं होतं. बारगीर व्हायला कुणीच तयार नाही! तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील गावातल्या एका बागायतदाराचा ट्रॅक्टर चालवतात. ट्रॅक्टर मालकाचा आहे, म्हणजे आपले पप्पा बारगीरच झाले, असं तो सहज बोलून गेला. वर्ग हसला. तोही हसला, पण खाली बसताना त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला.

त्या दिवशी मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि मल्हारराव होळकरांची गोष्ट सांगितली. तीच आज तुमच्यासाठी लिहीत आहे. तुमच्या वर्गात किंवा घरी नक्की सांगून बघा.

आधी घोड्याचा हिशोब

ही गोष्ट कळायची असेल तर घोडा बाळगणं म्हणजे काय हे मुलांना आधी सांगावं लागतं. घोडा एकदा विकत घेतला की काम झालं असं नव्हतं. रोज गवत हवं, चंदी हवी. ठरावीक दिवसांनी नाल मारायला नालबंद हवा. खोगीर, लगाम, रिकीब हवी. चार घोडे झाले की त्यांची देखभाल करायला मोतद्दार हवा. पाऊस कमी झाला की माणसाआधी घोड्याच्या चाऱ्याची चिंता.

घोड्यांमध्येही गरीब-श्रीमंत होते. अरबी घोडे समुद्रावरून गलबतांतून येत, त्यांची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. साध्या स्वाराकडे असे ते आपल्या भीमा नदीच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू. दिसायला लहान, पण काटक. थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारणारं.

आता बारगीर आणि शिलेदार यांच्याकडे पुन्हा बघा. बारगिराचा घोडा लढाईत पडला तर सरकार दुसरा देई. शिलेदाराचा घोडा पडला की बहुतेक वेळा नुकसान त्याच्याच माथी. घोडा गेला म्हणजे पगार गेला, चाकरी गेली. ज्याच्याकडे एकच घोडा, त्या एकांड्या शिलेदाराचं तर सगळं घर त्या चार पायांवर उभं असे. म्हणून तो लढाईत घोडा जपे, ऐन वेळी हात आखडता घेई. वरून स्वतंत्र दिसणारा हा माणूस आतून किती भीत असेल, याचा विचार आपण फळ्यावरच्या रकान्यात कधी करत नाही.

दुसऱ्या टोकाला पन्नास-शंभर घोडे असलेले मोठे शिलेदार होते. ते स्वतःच्या घोड्यांवर आपले बारगीर बसवत. अशा मोठ्या घोडेवाल्यांच्या हातात फौजेची सगळी ताकद गेली तर ते डोईजड होतात, हे शिवाजी महाराजांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी सरकारी पागा भक्कम केली आणि शिलेदारांना पागेच्या हुकमाखाली ठेवलं. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, शिवाय पाणी द्यायला पखालजी आणि नाल मारायला नालबंद, अशी व्यवस्था लावली. घरी घोडा नसलेल्या शेतकऱ्याच्या, धनगराच्या पोराला घोड्यावर बसायची संधी मिळाली ती या पद्धतीमुळे.

जन्म आणि बालपण

मल्हाररावांचा जन्म १६ मार्च १६९३ चा. नीरा नदीच्या काठचं होळ हे त्यांचं गाव. त्या गावावरूनच होळकर हे आडनाव आलं. घराणं धनगर समाजातलं, वडिलांचं नाव खंडोजी. मल्हारी अगदी लहान असतानाच वडील वारले. मग आई लेकराला घेऊन आपल्या भावाकडे, भोजराज बारगळ यांच्याकडे, खानदेशात तळोद्याला गेली. तळोदे आज नंदुरबार जिल्ह्यात आहे.

मामाकडे मल्हारी मेंढरं राखू लागला. रानात झोपलेल्या मल्हारीवर नागाने फणा धरून सावली केली, अशी एक आख्यायिका सांगतात. मुलांना ती फार आवडते, जरूर सांगा. पण त्यासोबत हेही सांगा, की त्याच्या आयुष्याला खरी कलाटणी दिली ती मामाच्या घोड्यांनी. भोजराज हे सरदार कदमबांडे यांच्या पदरी घोडेस्वारांचं लहानसं पथक बाळगून होते. या पथकात भाच्याला जागा मिळाली.

म्हणजे बघा, घोडा मामाचा, स्वार भाचा. आपल्या फळ्यावरच्या व्याख्येप्रमाणे मल्हारराव सुरुवातीला कोण होते? बारगीरच की! हे सांगितल्यावर मी मुद्दाम मागच्या बाकाकडे पाहिलं. तो मुलगा मान वर करून ऐकत होता.

दुसऱ्याच्या घोड्यावरून स्वतःच्या फौजेकडे

पुढे मामाने आपली मुलगी गौतमाबाई त्यांना दिली. १७२१ च्या सुमारास मल्हारराव बाजीराव पेशव्यांच्या चाकरीत आले आणि थोड्याच वर्षांत पाचशे स्वारांचे प्रमुख झाले. कदमबांड्यांच्या पथकाचं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं निशाण होळकरांनी पुढे आपलं म्हणून चालवलं, असं सांगतात. जिथे पहिल्यांदा रिकिबीत पाय ठेवला, त्या जागेची ती आठवण असावी.

१७२८ साली पालखेडला निजामाला कोंडलं, त्या मोहिमेत मल्हारराव होते. १७३७ साली बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत पोचले, तेव्हाही ते सोबत होते. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांच्या मदतीला होते. १७५८ मध्ये रघुनाथरावांबरोबर ते लाहोरपर्यंत गेले. मेंढरांमागे रानोमाळ फिरलेल्या माणसाला वाटा, पाणवठे, कुरणं आणि हवा यांची जाण होती. झपाट्याने जायचं, शत्रूची रसद तोडायची आणि तो सावध होईपर्यंत निघून यायचं, या लढाईला ती जाण फार उपयोगी पडली.

माळव्यात त्यांना मोठा सरंजाम मिळाला. सरंजाम म्हणजे काय, हे मुलांना सोपं करून सांगा. पेशव्यांनी परगण्यांचा वसूल सरदाराला लावून द्यायचा आणि सरदाराने त्यातून ठरलेले स्वार बाळगायचे. जानेवारी १७३४ मध्ये तर गौतमाबाईंच्या नावाने वेगळी खासगी जहागीरही मिळाली. स्वतःचा एक घोडा नसलेला मुलगा आता हजारो घोड्यांचा धनी झाला होता. लोक त्यांना सुभेदार म्हणू लागले.

शिडी चढली, पण शिडी तशीच राहिली

इथे आपण शिक्षकांनी जरा थांबायला हवं. चरित्र सांगताना गरिबीतून वर आले, एवढं सांगून आपण टाळ्या घेतो. पण मल्हारराव वर गेले तरी त्यांच्या खालच्या पायऱ्या होत्या तशाच होत्या. त्यांच्या फौजेत मोठे शिलेदार होते, एकांडे शिलेदार होते, दुसऱ्याच्या घोड्यावरचे बारगीर होते. सगळ्यांत खाली पेंढारी. त्यांना पगार नाही, लुटीवर पोट. त्यांच्या टापांखाली कुणाचं तरी उभं पीक जाई.

एवढ्या घोड्यांच्या चंदीचा पैसा यायचा कुठून? रयतेकडून आणि खंडणीतून. डिसेंबर १७५० मध्ये खंडणीच्या वसुलीसाठी होळकरांची फौज जयपूरवर चालून आली, तेव्हा तिथले राजे ईश्वरीसिंह यांनी स्वतःचं जीवन संपवलं. ज्यांनी लहानपणी दुसऱ्याच्या दारात दिवस काढले, त्यांच्याच फौजेचा धाक दुसऱ्याच्या दाराशी असा उभा राहिला. मोठ्या माणसाच्या चरित्रातला हा भाग गाळू नये असं मला वाटतं. मुलांना तो कळतो.

आणि गंमत बघा, एवढं मिळवूनही त्यांचा जन्म लोक विसरले नाहीत. पानिपतच्या मोहिमेत मल्हाररावांचं मत होतं, की जड सामान आणि कुटुंबकबिला मागे ठेवावा आणि जुन्या गनिमी पद्धतीने लढावं. सदाशिवरावभाऊंचा भर तोफखान्यावर आणि समोरासमोरच्या लढाईवर होता. त्या वेळी मल्हाररावांचा सल्ला मेंढपाळाचा सल्ला म्हणून झिडकारला गेला, अशी हकीकत जुन्या इतिहासग्रंथांत येते. पासष्टी ओलांडलेला, चाळीस वर्षं घोड्यावर काढलेला सेनानी, पण अपमान करायला त्याचं बालपण पुरलं!

१४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. त्या दिवशी मल्हारराव आपल्या स्वारांसह रणातून निघून गेले. त्यांनी फौज वाचवली की साथ सोडली, यावर इतिहासाच्या अभ्यासकांत आजही वाद आहे. वर्गात हा वाद मिटवायची घाई करू नका. दोन्ही बाजू ठेवा आणि मुलांना बोलू द्या.

सुनेच्या हाती लगाम

मल्हाररावांच्या आयुष्यातलं मला सर्वांत मोठं वाटणारं काम मात्र लढाईतलं नाही. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचा एकुलता एक मुलगा खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाला. सून अहिल्याबाई सती जायला निघाल्या, तेव्हा मल्हाररावांनी त्यांना थांबवलं. नुसतं थांबवून ते मोकळे झाले नाहीत. वसूल, फौज, न्याय, पत्रव्यवहार असा सगळा कारभार त्यांनी सुनेवर सोपवत नेला. १७६५ सालच्या त्यांच्या पत्रांत तर तोफा आणि दारूगोळ्याची व्यवस्था बघायच्या सूचना अहिल्याबाईंना दिलेल्या दिसतात.

२० मे १७६६ रोजी आलमपूर इथे मल्हारराव वारले. पुढच्याच वर्षी नातू मालेराव गेला आणि राज्याचा भार अहिल्याबाईंवर आला. तो त्यांनी १७९५ पर्यंत पेलला. गौतमाबाईंच्या नावाने सुरू झालेल्या त्या खासगीच्या पैशातून घाट, विहिरी, धर्मशाळा, मंदिरं देशभर उभी राहिली. घोड्यांच्या टापांखालून आलेली संपत्ती वाटसरूच्या पाण्यासाठी खर्च झाली.

वर्गात आणि घरात

मामाने भाच्याला पहिल्यांदा घोडा दिला, तेव्हा तो पुढे सुभेदार होईल हे मामाला कुठे माहीत होतं? दारात आलेल्या पोराला त्यांनी नुसती भाकरी न देता घोड्यावर जागा दिली. पुढे मल्हाररावांनी सुनेच्या बाबतीत तेच केलं. जन्माने ज्यांच्या वाट्याला घोडा आला नसता, अशा दोन माणसांना तो कुणीतरी दिला म्हणून हा इतिहास घडला.

आपल्या वर्गातही घोडेवाले आणि बिनघोड्याचे असतात. कुणाकडे नवी सायकल, कुणाकडे घरचा मोबाईल, कुणी तीन किलोमीटर चालत येतो. गृहपाठ मोबाईलवर पाठवताना, सहलीचे पैसे मागताना आपण कळत नकळत शिलेदार आणि बारगीर असे दोन रकाने पाडतो. शाळा ही सरकारी पागेसारखी असावी. ज्याच्या घरी घोडा नाही, त्याला इथे मिळावा.

मुलांशी बोलायला हे प्रश्न वापरता येतील :

१. शिलेदार लढाईत घोडा जपत असे, त्याला भित्रा म्हणावं का?
२. मामाने घोडा दिला नसता तर मल्हारीचं काय झालं असतं?
३. मोठं झाल्यावर माणसाने मागच्यांसाठी काय करावं?

आमच्या वर्गात तो खेळ पुन्हा झाला. या वेळी बारगीर व्हायला सात जण उठले. मागच्या बाकावरचा तो मुलगा मात्र बारगीर झाला नाही. त्याला मामा व्हायचं होतं. घोडे वाटायचं काम त्याने स्वतःकडे मागून घेतलं.

तुमच्या वर्गातला अनुभव जरूर कळवा.