शेक एक्स्ली

शेक एक्स्ली (१ एप्रिल, १९४९ – ६ एप्रिल, १९९४) हे गोड्या पाण्याखालील गुहांमध्ये बुडी घेणारे अमेरिकन पाणबुडे, लेखक व गणिताचे शिक्षक होते. अपघातांच्या अभ्यासातून त्यांनी मांडलेले सुरक्षानियम या क्षेत्रातील प्रशिक्षणाचा पाया मानले जातात.

जीवन

एक्स्ली यांचा जन्म फ्लोरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे झाला. पुढे त्यांनी लाइव्ह ओक येथील सुवानी हायस्कूलमध्ये गणिताचे अध्यापन केले. या परिसरातील सुवानी नदीचे पाणी दलदलीतील वनस्पतींमुळे चहासारखे तपकिरी दिसते; मात्र तिच्या काठचे झरे चुनखडकातून येत असल्याने अत्यंत नितळ असतात. झऱ्यांच्या मुखाशी जलमग्न गुहा आहेत. वयाच्या १६ व्या वर्षी बुडी घेण्यास आरंभ केलेल्या एक्स्ली यांनी २३ व्या वर्षापर्यंत अशा गुहांत १,००० हून अधिक बुड्या घेतल्या. हा टप्पा गाठणारे ते जगातील पहिले पाणबुडे होत.

सुरक्षानियम

गुहेतील पाणी कितीही नितळ असले, तरी तळाचा गाळ ढवळला गेला की काही दिसेनासे होते. वर खडकाचे छत असल्याने पाणबुड्याला सरळ वरही येता येत नाही. फ्लोरिडातील झऱ्यांत अनेकांचे प्राण गेल्यावर एक्स्ली यांनी त्या अपघातांची कारणे तपासली. गुहेच्या तोंडापर्यंत अखंड दोरी नसणे, परतीसाठी पुरेशी हवा न राखणे आणि मर्यादेपेक्षा खोल जाणे, ही त्यांतील प्रमुख कारणे होती. हवेचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, दुसरा परतण्यासाठी आणि तिसरा संकटासाठी राखावा, या नियमाचा त्यांनी आग्रह धरला. सोबत्याची हवा वाटेत संपल्यास हाच तिसरा भाग दोघांना तारतो. हे विवेचन त्यांच्या १९७९ मधील पुस्तकात आले आहे.

विक्रम व मृत्यू

ऑक्सिजन, नायट्रोजन व हेलियम यांचे मिश्रण वापरून १९८९ मध्ये एक्स्ली मेक्सिकोतील मांते नदीच्या उगमात २६० मीटरहून अधिक खोल गेले. ६ एप्रिल, १९९४ रोजी त्याच देशातील साकातोन या जलविवरात १,००० फूट (सुमारे ३०५ मीटर) खोली गाठण्याच्या प्रयत्नात त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते ४५ वर्षांचे होते. दुसऱ्या दोरीने उतरलेले त्यांचे सहकारी जिम बोडेन सुखरूप वर आले. एक्स्ली यांची दोरी वर ओढल्यावर तिला गुंतलेला त्यांचा मृतदेह मिळाला. मृत्यूचे नेमके कारण निश्चित होऊ शकले नाही. गुहांत उतरणाऱ्या नवशिक्यांना त्यांचे नियम आजही प्रथम शिकवले जातात.