जमशेटजी टाटा आणि सह्याद्रीचे पाणी

नांदेडजवळ विष्णुपुरी येथे विजेच्या पंपांनी गोदावरीचे पाणी उचलून शेतीला देतात. पाणी वर चढवावयाचे तर वीज खर्ची पडते. उलट उंचावरचे पाणी खाली सोडले, तर त्याच्या वेगातून वीज मिळते. अशा विजेवर मुंबईच्या गिरण्या चालाव्यात, असा ध्यास जमशेटजी टाटा यांनी घेतला होता.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी येथे पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून ते वडिलांच्या व्यापारात शिरले. १८७७ साली त्यांनी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. तेथे कापूस जवळच पिके आणि इंधनही मिळे. मुंबईची गोष्ट निराळी होती. तेथे कोळसा दुरून आणावा लागे; तो महाग पडे, आणि धुराड्यांचा काळा धूर शहरावर पसरे.

इकडे लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर दरवर्षी धो धो पाऊस पडे व पाणी वाहून जाई. ते कामी लावण्यात एक मोठी अडचण होती. पाऊस चार महिन्यांचा, गिरण्या मात्र बारा महिने चालणाऱ्या! म्हणून डोंगरावर धरणे बांधून पाणी साठवावयाचे, ते मोठ्या नळांतून पायथ्याशी सोडून यंत्रांची चाके फिरवावयाची, आणि उत्पन्न झालेली वीज तारांनी मुंबईस न्यावयाची, अशी योजना आखण्यात आली. पाण्यापासून विजेने हायड्रोजन वेगळा करून तो इंधन म्हणून वापरण्याचे प्रयत्न आज चालू आहेत. त्यालाही अशी बिनधुराची वीजच लागते.

योजना पुरी होण्यापूर्वीच, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र दोराबजी यांनी काम पुढे नेले. भांडवलाचा मोठा भाग भारतीय संस्थानिक व व्यापारी यांनी पुरविला. १९११ साली वळवण धरणाची कोनशिला बसली. १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. सुमारे पाचशे मीटर उंचीवरून पाणी खाली येऊ लागले, आणि त्याची वीज सुमारे सत्तर किलोमीटर दूर मुंबईत पोहोचली. हजारो कामगारांच्या हाताखालची यंत्रे आता सह्याद्रीच्या पावसावर फिरू लागली.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढे टाटांच्या कंपनीने मुळशी येथे धरण बांधावयास घेतले, तेव्हा मावळातील शेतकऱ्यांची भातशेती व घरे पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली त्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले व त्यांनी तुरुंगवास सोसला. मुंबईला वीज हवी होती हे खरे. पण जमीन मात्र मावळच्या शेतकऱ्याची जात होती. तीन वर्षे लढूनही धरण थांबले नाही. १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर कोकणातील भिरा येथील वीजगृह चालू झाले.