चित्रापासून यंत्रापर्यंत : लक्ष्मणराव किर्लोस्कर

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहरालगतच्या नागापूर औद्योगिक वसाहतीत काम मिळवू पाहणाऱ्या तरुणांना आज सॉलिड मॉडेलिंगचे ज्ञान मोलाचे ठरते. संगणकाच्या पडद्यावर सुट्या भागाची भरीव आकृती उभी करायची, तिच्यावरून हत्याराचा मार्ग आखायचा आणि मग सीएनसी यंत्राकडून धातू कापून घ्यायचा, असा हा क्रम आहे. हे तंत्र नवे असले, तरी त्याच्या मुळाशी असलेली विद्या जुनी आहे. अद्याप न घडलेली वस्तू सर्व बाजूंनी डोळ्यांपुढे आणणे, ही ती विद्या होय. मराठी मुलखात ती शिकवणाऱ्या आणि तिच्या बळावर कारखाना उभारणाऱ्यांमध्ये लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी तत्कालीन बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शालेय अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. त्यांना ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. मात्र काही काळाने त्यांना रंगांमधील फरक नीट ओळखता येत नसल्याचे लक्षात आले आणि चित्रकार होण्याचे स्वप्न तेथेच संपले. एखादा निराश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. त्यांनी यंत्रचित्रकला आत्मसात केली.

या विद्येत रंगाला फारसे महत्त्व नसते. एकाच वस्तूचे समोरून, वरून आणि बाजूने दिसणारे रूप कागदावर काढायचे आणि ही तीन सपाट चित्रे वाचून मनात एक घनवस्तू उभी करायची, हे तिचे मर्म आहे. आज संगणक जी आकृती पडद्यावर फिरवून दाखवतो, ती त्या काळी चित्र वाचणाऱ्याला मनातच फिरवावी लागे. 1887 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये लक्ष्मणराव हाच विषय शिकवू लागले. तेथे त्यांनी चित्रफळ्यावरच समाधान मानले नाही. संस्थेच्या कार्यशाळेत जाऊन यंत्रे कशी चालतात, कशी उघडतात आणि कशी जोडतात, हे ते स्वतः शिकले. शिक्षकानेच पुन्हा विद्यार्थी व्हावे, असा हा प्रकार होता. पुढील सर्व यशाचा पाया येथेच घातला गेला.

बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलण्यात आले. 1897 मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. सायकलींच्या व्यवसायाला कडबा कापण्याच्या यंत्रांची जोड मिळाली आणि त्यानंतर लोखंडी नांगर तयार झाला. येथे त्यांच्या विद्येची खरी कसोटी लागली. लोखंडामुळे जमिनीला विष बाधते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. नांगराचा आकार चित्रातून निश्चित करता येतो, परंतु तो जमिनीत कसा चालेल आणि बैलजोडीला किती जड जाईल, याचे उत्तर शेतातच मिळते. ओतकामाचेही तसेच आहे. वितळलेले लोखंड निवताना आकसते, म्हणून लाकडी नमुना मूळ मापाहून किंचित मोठा ठेवावा लागतो. कागद आणि भट्टी यांच्यातील हे अंतर लक्ष्मणरावांना अनुभवाने पार करावे लागले.

धंद्याला स्थैर्य येत असतानाच नगरपालिकेच्या विस्तारासाठी बेळगावातील जागा सोडण्याची पाळी आली. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. त्यांनी कुंडल रोड स्थानकानजीक माळरानावर जागा दिली आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या 32 एकरांवर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. सोबत होते सुमारे 25 कामगार आणि त्यांची कुटुंबे. अभियांत्रिकीच्या पदव्यांपेक्षा हाताला आलेले कसब हेच या वसाहतीचे भांडवल होते. नांगरांपाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पंप येथे तयार होऊ लागले.

पुढच्या पिढीने या कामाला वेगळे परिमाण दिले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन परतले. 1941 मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर कंपनी स्थापन झाली आणि तेथे लेथ बनू लागले. म्हणजे यंत्रे घडवणारी यंत्रे घडवण्यापर्यंत मजल गेली. पुण्यातील ऑइल इंजिनांचा कारखाना 1946 मध्ये उभा राहिला. लक्ष्मणरावांना हा विस्तार डोळ्यांनी पाहता आला. 26 सप्टेंबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने तिकीट काढून त्यांचा गौरव केला.

आज नगरचा एखादा विद्यार्थी काही तासांत पडद्यावर निर्दोष घनाकृती उभी करतो. हत्यार कसे फिरेल, याचे चलच्चित्रही संगणक त्याला दाखवतो. तथापि कच्चा माल कुठे पकडायचा, हत्यार किती खोल उतरवायचे आणि पातळ भिंत कापताना ती थरथरेल काय, हे ओळखायला यंत्रापाशी उभे राहावेच लागते. ज्यांची आकृती बिनचूक आहे, पण ज्यांनी लेथची मूठ हाती धरलेली नाही, अशा तरुणांचे शिक्षण अर्धेच राहते. रंगांनी दगा दिलेल्या या चित्रकला शिक्षकाने सव्वाशे वर्षांपूर्वी फळा सोडून कार्यशाळेत पाऊल टाकले. नव्या पिढीने लक्ष्मणरावांकडून घ्यावयाचा धडा तोच आहे.