नगरपालिकेतले जोतीराव

पुण्यात शिकायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मंडईत एकदा तरी चक्कर मारलेली असते. कधी गणपतीतला देखावा बघायला, कधी मेसच्या जेवणाला कंटाळून स्वस्तात भाजी आणायला. मधोमध उंच मनोरा असलेली ही दगडी इमारत १८८६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिला गव्हर्नरचं नाव होतं, रे मार्केट. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने ती महात्मा फुले मंडई झाली. गंमत अशी की, ही इमारत बांधायला विरोध करणाऱ्यांमध्ये स्वतः जोतीराव फुले होते! एवढा मोठा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं.

शाळा काढणारे जोतीराव आपल्याला पाठ्यपुस्तकात भेटतात. सत्यशोधक समाज स्थापन करणारे, ‘गुलामगिरी’ लिहिणारे जोतीरावही माहीत असतात. पण १८७६ ते १८८२ अशी सुमारे सहा वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे किती जणांना ठाऊक आहे? आजच्या भाषेत सांगायचं तर नगरसेवक. फरक एवढाच की ते निवडून आले नव्हते, सरकारने त्यांची नेमणूक केली होती.

नगरपालिकेत जाईपर्यंत जोतीरावांनी बरंच काही करून झालं होतं. १८२७ चा जन्म. घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं, पुण्यात फुलांचा व्यवसाय. आई लहानपणीच गेली, सगुणाबाईंनी सांभाळलं. वडिलांनी मध्येच शाळा सोडायला लावून मुलाला शेतीकामाला जुंपलं. गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून जोतीराव पुन्हा मिशनच्या शाळेत जाऊ शकले. शाळा सुटलेलं पोर परत शाळेत जाणं म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं.

१८४८ मध्ये, म्हणजे तुमच्यातल्या थर्ड इयरवाल्यांच्या वयाचे असताना, त्यांनी बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. वर्षभरात सावित्रीबाईंसह घर सोडावं लागलं. १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. १८६३ मध्ये राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसवल्या गेलेल्या विधवांपुढे तेव्हा दोनच वाटा असायच्या, बाळाचा जीव घेणं किंवा स्वतःचा देणं. इथे येऊन गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा आमच्याकडे ठेवा, अशा जाहिराती जोतीरावांनी गावात लावल्या. १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या विधवेला इथेच मुलगा झाला. तो फुले दांपत्याने दत्तक घेतला. हाच यशवंत, पुढे डॉक्टर झालेला. १८६८ मध्ये त्यांनी घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला.

हे सगळं स्वतःच्या खिशातून आणि वर्गण्यांवर चाललं होतं. जोतीराव ठेकेदारी करायचे. खडकवासल्याच्या कामापासून येरवड्याच्या पुलापर्यंत अनेक ठिकाणी त्यांच्या कंपनीचं काम होतं. पण एक माणूस आपल्या कमाईतून किती मुलांना शिकवणार? किती घरं सावरणार? सगळ्या गावाकडून कर गोळा करणारी संस्था असताना तिने नेमकं काय करायचं? सभासद झाल्यावर हा प्रश्न ते आत बसून विचारू लागले.

त्यात दुष्काळ आला. १८७६-७७ चा हा दुष्काळ महाराष्ट्राने पाहिलेल्या सर्वांत भीषण दुष्काळांपैकी एक. पोटासाठी गाव सोडताना अनेकांची मुलं मागे राहिली, पोरकी झाली. सत्यशोधक समाजाने धनकवडीला अशा मुलांसाठी आश्रम काढला, त्यांच्या जेवणाखाण्याची सोय केली, आणि मदतीसाठी जोतीरावांनी पत्रकं काढली. एकीकडे ही उपाशी मुलं आणि दुसरीकडे नगरपालिकेचे हिशेब, असे ते दिवस होते.

१८८० मध्ये दोन प्रसंग घडले. पहिला दारूच्या दुकानांचा. शहरात नवी दारूची दुकानं उघडायला परवानगी मिळत होती. जोतीरावांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापकांना लेखी हरकत कळवली. एका हाताने लोकांच्या आरोग्यासाठी पैसा खर्च करायचा आणि दुसऱ्या हाताने गरिबाचा संसार उद्ध्वस्त करणारी दुकानं वाढू द्यायची, हे त्यांना पटत नव्हतं. पेठांमधल्या बायकापोरांची उपासमार त्यांनी जवळून पाहिली होती. त्यांच्या दृष्टीने हा उपदेशाचा मुद्दाच नव्हता, नगरपालिकेच्या कामाचा होता.

दुसरा प्रसंग जास्त गाजलेला. गव्हर्नर जनरल पुण्याला येणार, म्हणून त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने १,००० रुपये खर्च करावेत, असा ठराव आला. आज ही रक्कम मामुली वाटेल. पण ज्या काळात गावच्या शिक्षकाला महिना १२ रुपये तरी द्या, अशी मागणी करावी लागत होती, त्या काळातले हे हजार रुपये! म्हणजे एका शिक्षकाचा जवळपास सात वर्षांचा पगार. सभासद होते ३२. विरोधी मत पडलं एकच, जोतीरावांचं. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, अशी त्यांची भूमिका होती.

ठराव अर्थातच मंजूर झाला. नेमणूक सरकारची, पाहुणा सरकारचा सर्वांत मोठा साहेब आणि व्यवसाय सरकारी ठेक्यांचा. गप्प बसायला याहून अधिक कारणं कोणती हवीत? मोठ्यांशी वैर नको म्हणून त्या दिवशी इतर अनेकांनी हात वर केले असतील. कॉलेजच्या साध्या समितीतही सगळ्यांच्या विरोधात एकट्याने बोलताना आपला घसा कोरडा पडतो, हे आठवून बघा.

या सहा वर्षांत नगरपालिका आतून कशी चालते, हे त्यांना पक्कं कळलं. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात ते दिसतं. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, शेतकऱ्याच्या घामातून येणारा पैसा त्याच्याच मुलांच्या शिक्षणावर खर्च करा, शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा आणि त्यांना नीट पगार द्या, या मागण्या त्यात आहेत. नगरपालिकांबद्दलचा मुद्दा तर फारच मार्मिक आहे. हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च नगरपालिकेने उचलावा, पण शाळांचा कारभार मात्र तिच्या हाती देऊ नये, तो शिक्षण खात्याच्या देखरेखीखाली असावा, असं त्यांनी मांडलं. म्हणजे पैसा द्यायची जबाबदारी टाळू द्यायची नाही आणि सत्ता मात्र मोकळी सोडायची नाही. सभेत एकटं पडलेल्या माणसालाच हे सुचू शकतं!

पुढच्या काळात आजारपण आलं. १८८८ मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली आणि त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, तर त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून पूर्ण केलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. सावित्रीबाई आणि डॉ. यशवंत यांनी काम सोडलं नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंचा मृत्यू झाला.

बाराव्या वर्षापर्यंत सक्तीच्या शिक्षणाची मागणी १८८२ ची. सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा देशभराचा कायदा झाला २००९ मध्ये. मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षं गेली. त्या सभेत हरलेलं मत चूक नव्हतं, एवढं तरी यातून कळतं.

आज आपल्या गावात नगरपालिका असो, महापालिका असो की ग्रामपंचायत, अंदाजपत्रक दरवर्षी मांडलं जातं. अभ्यासिका, पाळणाघर, मुलींसाठी स्वच्छतागृह, शाळेची गळकी खोली या सगळ्याचा पैसा त्यातूनच येतो, किंवा येत नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेली असतील तर ग्रामसभेत बसण्याचा हक्क तुम्हाला आहे. शहरात असाल तर आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला विचारता येतं, की यंदा कमानीवर किती गेले आणि वाचनालयावर किती.

पुढच्या वेळी मंडईत भाजी घ्यायला जाल तेव्हा वर लिहिलेलं नाव वाचा. आणि घरी आल्यावर आपल्या गावाचं अंदाजपत्रकही एकदा उघडून बघा.