विदुषी कै. इरावतीबाई कर्वे

यंदाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र यावे असे मंडळात ठरले. झाशीची राणी, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर पूर्वी पुष्कळ लिहून झाले आहे. म्हणून मी इरावतीबाई कर्वे यांचे नाव सुचवले. त्यांचे ‘युगान्त’ हे पुस्तक आपल्यापैकी काही भगिनींनी वाचले असेल. पण पुस्तके लिहिणे हे त्यांचे अर्धेच काम. बाकीचे अर्धे फारसे कोणाला ठाऊक नाही. एका सार्वजनिक विद्यासंस्थेत संशोधनाचा एक विभाग त्यांनी उभा केला आणि तीस वर्षांहून अधिक काळ तो सांभाळला, वाढवला. त्या कामाविषयीच मुख्यतः लिहिणार आहे.

इरावतीबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशात म्यिंजान या गावी झाला. वडील गणेश हरि करमरकर तेथे नोकरीस होते. ब्रह्मदेशातली मोठी नदी इरावती, तिचेच नाव मुलीला ठेवले. पाच भावांत ही एकटी बहीण. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत पाठवले. सात वर्षांची पोर आईबापांपासून समुद्रापलीकडे राहायची, हे आज वाचतानाही जीव गलबलतो. पण शाळेत तिला शकुंतला परांजपे ही मैत्रीण भेटली आणि शकुंतलेच्या आईने या मुलीला आपल्याच घरी ठेवून घेतले. ते घर रँग्लर परांजप्यांचे. घरात पुस्तकांचा सुकाळ, आणि मुलींनी बोलायचे नाही असा दंडक नाही. त्या घरात इरावतीबाईंची बुद्धी मोकळेपणी वाढली.

फर्ग्युसन कॉलेजातून 1926 साली त्या तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाल्या. पुढे मुंबई विद्यापीठात प्रा. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकून 1928 साली एम. ए. झाल्या. याच काळात त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, आणि सासरे म्हणजे साक्षात महर्षी अण्णासाहेब कर्वे.

पुढे जर्मनीला जाऊन मानवशास्त्राचा अभ्यास करावा असे दिनकररावांनी पत्नीस सुचवले. गंमत अशी की, ज्या महर्षींनी बायकांच्या शिक्षणासाठी सारे आयुष्य वेचले, त्यांनाही सुनेचे हे जाणे पसंत पडले नाही. तरी दिनकरराव मागे हटले नाहीत. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज काढून 1928 साली त्यांनी पत्नीची रवानगी केली. नवऱ्याने कर्ज काढून बायकोला शिकायला परदेशी धाडावे, ही गोष्ट तेव्हा नवलाची होती. आजही फार घरांत होत असेल असे वाटत नाही.

बर्लिनमध्ये त्यांना माणसांच्या कवट्या मोजण्याचे काम मिळाले. तेथील गुरू फिशर यांची समजूत अशी की, कवटीच्या दोन बाजूंतील कमीजास्तपणावरून कोणता वंश वरचा आणि कोणता खालचा हे सांगता येते. इरावतीबाईंनी शंभरावर कवट्या मोजल्या. वंशावंशांत तसा फरक त्यांना आढळला नाही, आणि आढळला नाही असेच त्यांनी आपल्या प्रबंधात लिहिले. परका मुलुख, अंगावर कर्ज, आणि परीक्षा घेणारा तोच गुरू. अशा वेळी त्याच्या मनासारखे लिहिण्याचा मोह कोणालाही झाला असता. मोजले ते लिहायचे, हा धडा त्यांनी तेथे गिरवला आणि पुढे जन्मभर पाळला. डॉक्टर होऊन 1930 च्या सुमारास त्या परत आल्या.

1931 पासून पाच वर्षे मुंबईस महिला विद्यापीठात, म्हणजे सासऱ्यांनी स्थापिलेल्या संस्थेतच, त्यांनी रजिस्ट्रारचे काम केले. रजिस्ट्रारच्या हाती विद्यापीठाच्या कारभाराच्या किल्ल्या असतात. परीक्षा, नोंदवह्या, पत्रव्यवहार सारे त्याच टेबलावर. हे काम त्यांना मनापासून रुचणारे नसावे, कारण त्यांचा ओढा अभ्यासाकडे. पण संस्था कशी चालते हे आतून पाहायला मिळाले, आणि ते पुढे कामी आले असले पाहिजे.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे वळू. पुण्यात येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेजची जुनी दगडी इमारत आहे. या संस्थेचे मूळ 1821 सालच्या संस्कृत पाठशाळेत. आगरकर, टिळक तेथेच शिकले. 1934 साली सरकारने हे कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत, ते कोर्टात गेले. अखेर 1939 च्या ऑगस्टमध्ये दारे पुन्हा उघडली, ती या वेळी केवळ वरच्या अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी. भाषाशास्त्राला डॉ. कत्रे, पुरातत्त्वाला डॉ. सांकलिया आणि समाजशास्त्र-मानवशास्त्राला इरावतीबाई. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेहतीस, आणि घरी संसार.

नवा विभाग म्हणजे काय असतो? एखादी खोली, एक कपाट, थोडी पुस्तके आणि सरकारकडून येणारे बेताचे अनुदान. नव्या संसारासारखेच ते. सगळे एकदम येत नाही. आहे त्यात भागवायचे, त्यातच वाढवायचे, आणि घेतलेल्या पैशाचा हिशेबही द्यायचा. संशोधनाचा हिशेब द्यायचा तो छापलेल्या पुस्तकातून. त्यांच्या विभागाच्या हाती प्रयोगशाळेची मोठी यंत्रे नव्हती. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे गावे, वाड्या, बाजार आणि वाटा. त्या आणि त्यांचे विद्यार्थी गावोगाव जात. माणसांची उंची मोजत, डोके मोजत, रक्ताचे नमुने घेत, घराघरांत कोण कोणाचे कोण लागते ते विचारून लिहून घेत. मिळेल त्या वाहनाने प्रवास आणि मिळेल तेथे मुक्काम. महाराष्ट्रच नव्हे, तर ओरिसा, कुर्ग, मलबार अशा दूरदूरच्या प्रांतांत त्या हिंडल्या. 1944 च्या सुमारास डॉ. सांकलियांच्या बरोबर गुजरातेत लांघणज येथे उत्खनन झाले. तेथे हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचे सांगाडे सापडले, तेही त्यांनी अभ्यासले. एका विभागाने जमीन खणावी आणि दुसऱ्याने हाडे वाचावीत, असे हे शेजारधर्माचे संशोधन होते.

या खटाटोपातून काय निघाले, असे कोणी विचारील. त्यांचा हिंदुस्थानातील नातेसंबंधांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ 1953 साली डेक्कन कॉलेजनेच छापला. त्याचा विषय आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. उत्तरेकडे मुलगी गावाबाहेर, नात्याबाहेर आणि लांब देतात. तिला सासरचे प्रत्येक तोंड परके. दक्षिणेत मामाच्या किंवा आत्याच्या घरी देतात, काही ठिकाणी तर सख्ख्या मामालाच. तेथे सासर म्हणजे लहानपणापासून पाहिलेले घर. आपला महाराष्ट्र मधोमध. येथे पुष्कळ जातींत मामाची मुलगी केलेली चालते, आत्याची मुलगी सहसा करीत नाहीत. आता आपल्याच जुन्या शब्दांकडे पाहा. सासूला आपण आत्याबाई म्हणतो आणि सासऱ्यांना मामंजी. मामाची मुलगी करायची म्हणजे मुलीच्या बाजूने पाहता ती आपल्या आत्याच्याच घरी जाते. सासू ही आत्याच झाली, आणि आत्याच्या यजमानांना आपण मामा म्हणतोच. रोज तोंडात असलेल्या शब्दात शेकडो वर्षांची चाल लपलेली असते. ती कोणीतरी विचारून, मांडून दाखवावी लागते. यासाठीच संशोधन.

जातींविषयीही त्यांनी वेगळे मत मांडले. एकाच मूळ समाजाचे तुकडे होत होत जाती झाल्या असे पुष्कळ पंडित म्हणत. त्यांचे गुरू घुर्येही त्याच मताचे. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली, तेव्हा एका नावाखाली येणारे लोकही एका वंशाचे दिसेनात. त्यावरून त्यांनी मांडले की, निरनिराळे समूह शेजारी शेजारी येऊन बसले आणि त्यांतून हा समाज घडला. गोधडीत जसे निरनिराळ्या लुगड्यांचे तुकडे एकमेकांना शिवलेले असतात, तसे. डोकी मोजून वंश ठरवण्याच्या त्या रीतीला आजचे शास्त्रज्ञ पूर्वीइतके महत्त्व देत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पण बसल्या जागी मत न देता आधी जाऊन पाहावे, ही त्यांची शिस्त जुनी झालेली नाही.

त्या पंढरीच्या वारीतही चालत गेल्या. तेथे एकाच विठ्ठलाला जाणाऱ्या माणसांच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या बसत, हे त्यांनी पाहिले. त्यांच्या मनाला ते लागले, आणि त्यांनी ते लिहिले.

1947 साली दिल्लीस भरलेल्या विज्ञान परिषदेत मानवशास्त्र शाखेच्या अध्यक्षपदाचा मान त्यांना मिळाला. पुणे विद्यापीठ 1949 साली निघाल्यानंतर तेथे मानवशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्यातही त्यांचाच पुढाकार. 1961 साली हिंदू समाजावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला, आणि 1967 साली ‘युगान्त’. महाभारतातील माणसे, कुंती, गांधारी, द्रौपदी, यांना देव्हाऱ्यातून उतरवून त्यांनी माणूस म्हणून पाहिले. साहित्य अकादमीने 1968 साली त्या पुस्तकाचा गौरव केला.

घरचे म्हणाल तर त्यांना तीन मुले, जाई, आनंद आणि गौरी. त्या मंगळसूत्र वा कुंकू लावीत नसत, पतीस नावाने हाक मारीत, पुण्याच्या रस्त्यावरून स्वतः स्कूटर चालवीत. हे सगळे आपल्याला जमावे वा पटावे असे नाही. पण नुसते वेगळेपणासाठी त्यांनी ते केले असेही नाही. डोक्यात काम होते आणि पोहोचायचे लांब होते. दिनकररावांनी घरातला पुष्कळसा भार उचलला म्हणून हे झाले, ही गोष्ट मात्र आपल्या मंडळींना वाचून दाखवण्यासारखी आहे.

शेवटच्या वर्षांत त्यांनी घेतलेली दोन कामे मला फार मोलाची वाटतात. एक म्हणजे आठवड्याच्या बाजाराचा अभ्यास, जो 1970 साली छापून झाला. बाजारात केवळ मीठ-मिरची मिळत नाही. तेथे निरोप पोहोचतात, सोयरिकी जुळतात, माहेरचे माणूस भेटते. बायकांना हे ठाऊकच असते, इरावतीबाईंनी ते अभ्यासाच्या वहीत मांडले.

दुसरे काम कोयनेचे. त्या धरणाच्या पाण्याखाली गावे गेली. वीज किती निघाली याचे आकडे सगळीकडे छापून आले. उठलेली माणसे कोठे गेली, त्यांना जमीन कसली मिळाली, एका गावातली घरे दहा ठिकाणी कशी विखुरली, हे विचारायला इरावतीबाई आणि कन्या जाई निंबकर माणसांपर्यंत गेल्या. त्यांचा अहवाल 1969 साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. खर्डीच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. तानसा, वैतरणा, भातसा ही सारी आपल्या भोवतालची नावे. मुंबईचे नळ या पाण्यावर वाहतात, आणि वैशाख आला की आपल्याच तालुक्यातील पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. धरणांपायी ज्यांची घरे आणि शेते गेली त्यांच्या म्हाताऱ्या बायकांपाशी जे आठवणींत आहे, ते कोणी लिहून घेतले नाही तर त्यांच्याबरोबरच जाईल. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाकडून आपल्यासारख्यांना काय हवे, याचे उत्तर मला या अहवालात दिसते. आमच्याकडे या, आम्हाला विचारा, आणि सांगितले ते जसेच्या तसे मांडा.

11 ऑगस्ट 1970 रोजी इरावतीबाई पुण्यात निवर्तल्या. वय पासष्टही पुरे नव्हते. माणूस गेल्यावर त्याने लावलेले झाड उभे राहते की वाळते, यावरून काम कळते. डेक्कन कॉलेजला 1990 साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. माजी विद्यार्थी भांडले म्हणून ती संस्था वाचली, आणि इरावतीबाई, सांकलिया, कत्रे यांच्यासारखी माणसे जन्मभर राबली म्हणून ती वाढली. इमारत आणि अनुदान सरकार देते. पण प्रश्न विचारण्याची सवय आणि पुढची पिढी तयार करण्याचे कष्ट हे कोणीतरी आपल्या आयुष्यातून द्यावे लागतात.

भगिनींनो, आपण काही ग्रंथ लिहिणार नाही. पण आपल्या गावात कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा किती तऱ्हेच्या घरांतल्या बायका आहेत! त्यांची लग्नातली गाणी, नात्यांचे शब्द, जुन्या विहिरींची आणि गेलेल्या गावांची नावे आपल्या मंडळाच्या एका वहीत उतरवून ठेवता येतील. शाळेतल्या मुलींना हाताशी घेऊ. सांगणारीचे नाव, वय आणि तारीख न विसरता घालू. त्यांतली एखादी मुलगी उद्या विद्यापीठात गेली, तर ती रिकाम्या हाताने जाणार नाही. इरावतीबाईंचे स्मरण करण्याची याहून चांगली रीत मला सुचत नाही.