रुग्णाजवळ कसे बसावे?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हातात दिवा घेऊन रात्री वॉर्डात फिरणारी परिचारिका डोळ्यांसमोर येते. या चित्रामुळे त्यांचे दुसरे मोठे काम मागे पडले. गंभीर रुग्णाच्या घरच्यांना शहाणे करणे, हे ते काम.

त्यांचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतील फ्लॉरेन्सचा. घर सधन इंग्रजांचे. रुग्णसेवा हे कुलीन मुलीचे काम नव्हे, या समजुतीमुळे घरच्यांचा विरोध बरीच वर्षे टिकला. १८५४ च्या नोव्हेंबरमध्ये ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. क्रिमियाच्या युद्धातील सैनिक तेथे जखमांपेक्षा जुलाब, कॉलरा आणि टायफसने अधिक मरत होते. मार्च १८५५ मध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ केली, हवा खेळती केली, तेव्हा मृत्यू झपाट्याने घटले. या काळात नाइटिंगेल मृत सैनिकांच्या घरी स्वतः पत्रे लिहीत. माणूस कसा गेला, हे त्याच्या आईला किंवा बायकोला कळावे, यासाठी. सैनिकांचे पैसे घरी पोहोचवण्याची व्यवस्थाही त्यांनी लावली.

क्रिमियात त्यांना कडक ताप आला होता. १८५६ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांची प्रकृती ढासळली आणि पुढची अनेक वर्षे बहुतेक अंथरुणातच गेली. त्यामुळे त्यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या छोट्या पुस्तकात उशाशी बसणाऱ्याइतकेच पडून राहणाऱ्याचेही अनुभव आहेत. हे पुस्तक परिचारिकांसाठी नव्हते. घरातले आजारपण जिच्या अंगावर पडते अशा कोणत्याही बाईसाठी होते.

त्यातला सल्ला आजच्या अतिदक्षता विभागातही जसाच्या तसा लागू पडतो. रुग्णाच्या खोलीत किंवा दाराबाहेर कुजबुजू नये. अर्धवट ऐकू आलेले शब्द त्याचा जीव टांगणीला लावतात. मागून किंवा दारातून बोलू नये. मान न वळवता दिसेल असे समोर बसावे. पलंगाला टेकू नये, तो हलवू नये. नुकताच लागलेला डोळा मोडू नये. पुढे काय होणार, कोण केव्हा येणार, हे आधी सांगावे. कारण अनिश्चिततेची भीती रुग्णाला श्रमांपेक्षा जास्त थकवते. आणि खोटा धीर देऊ नये. आजार ठाऊक नसताना ‘काही होत नाही तुला’ म्हणणाऱ्यांवर तर त्यांनी एक अख्खे प्रकरण खर्ची घातले आहे. आपल्याकडच्या भेटीच्या वेळा आठवल्या, तर ते प्रकरण प्रत्येक रुग्णालयाच्या दारात लावावेसे वाटते.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला बोलता येत नाही. पण गुंगी हलकी असेल तर ऐकू येऊ शकते. तुटलेली झोप, यंत्रांचे सततचे आवाज, दिवस-रात्रीचे हरवलेले भान यांनी अनेकांना भ्रम होतो. अशा वेळी घरच्या माणसाने नाव घेऊन, आज वार कोणता, आपण कुठे आहोत, नळी कशासाठी आहे हे शांतपणे सांगणे उपयोगी पडते. पण ते कसे सांगायचे, हे आधी घरच्यांना शिकवावे लागते. त्यासाठी डॉक्टर-परिचारिकांना दहा मिनिटे काढावी लागतात आणि नेमकी तीच निघत नाहीत.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची परिचारिका प्रशिक्षण शाळा सुरू झाली. १८६१ मध्ये त्यांनी कष्टकरी कुटुंबांसाठी त्याच पुस्तकाची स्वस्त आवृत्ती काढली. तिच्यात एका प्रकरणाची भर घातली. ते होते, आई कामावर गेल्यावर तान्ह्या भावंडाला सांभाळणाऱ्या लहान मुलींसाठी.