एनिग्मा फोडणाऱ्या ॲलन ट्युरिंगला स्वतःचीच पुरलेली चांदी कधी सापडली नाही

क्रिप्टो वॉलेट उघडलं की ॲप तुम्हाला १२ किंवा २४ शब्द देतं. कागदावर लिहून ठेवा म्हणतं. हे शब्द हरवले की आतले पैसे गेले, कस्टमर केअर नाही की बँकेचा मॅनेजर नाही. दुसऱ्याच्या हाती लागले तरीही गेलेच. आता हा कागद लपवायचा कुठं, असा प्रश्न पडला असेल तर एका माणसाची गोष्ट वाचा. त्याच्याकडं बिटकॉइन नव्हते, चांदीच्या दोन विटा होत्या.

साल १९४०. फ्रान्स पडला होता आणि जर्मन फौजा कधीही इंग्लंडात उतरतील अशी भीती होती. तसं झालं तर बँकेतले पैसे बुडणार, असा हिशोब करून २८ वर्षांच्या एका गणितज्ञानं सुमारे २५० पौंडांची चांदी घेतली. लहान मुलांच्या बाबागाडीत घालून ती ब्लेचलीजवळच्या शेनली गावाच्या परिसरात नेली आणि पुरून टाकली. जागेचा पत्ता त्यानं साध्या भाषेत लिहिला नाही, कोडमध्ये लिहिला. हा गणितज्ञ म्हणजे ॲलन ट्युरिंग.

ट्युरिंगचं घराणं आपल्याकडच्या मातीशी बांधलेलं. वडील ज्युलियस आयसीएस अधिकारी, मद्रास इलाख्यात नेमणूक. आईचे वडील मद्रास रेल्वेचे चीफ इंजिनिअर. आईवडील आजच्या ओडिशातल्या छत्रपूरला राहत होते, पण बाळंतपणासाठी इंग्लंडला गेले आणि २३ जून १९१२ ला लंडनमध्ये ॲलन जन्मला. मुलांना हिंदुस्थानात आणायचं नाही असं ठरलं. आईवडील इकडं, तो आणि त्याचा भाऊ तिकडं एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी. लहानपण असं परक्या घरात गेलं.

गडी हट्टी होता. १९२६ मध्ये शेरबोर्नच्या शाळेत जायचा पहिलाच दिवस आणि देशभर संप. रेल्वे बंद. तेरा वर्षांचं पोरगं साउदॅम्प्टनहून सायकलवर निघालं, वाटेत एका खानावळीत मुक्काम केला आणि साठ मैल तुडवून शाळेत हजर झालं. पुढं केंब्रिज, २२ व्या वर्षी किंग्ज कॉलेजचा फेलो. १९३६ मध्ये त्यानं एक पेपर लिहिला, त्यात एका काल्पनिक यंत्राची कल्पना होती. तुमच्या हातातला फोन आज त्याच कल्पनेवर चालतो.

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटननं युद्ध पुकारलं आणि दुसऱ्या दिवशी ट्युरिंग ब्लेचली पार्कला रुजू झाला. समोर होतं एनिग्मा.

एनिग्मा म्हणजे टाइपरायटरसारखं जर्मन यंत्र. एक बटण दाबलं की आतली चाकं फिरतात आणि भलतंच अक्षर पेटतं. जर्मन लष्कराच्या यंत्रात पाचपैकी तीन चाकं निवडायची, वर दहा वायरी जोडायच्या. एकूण शक्यता किती? १५९ च्या पुढं १८ शून्यं. बरं, सेटिंग रोज बदलायचं. जर्मनांना खात्री होती की हे फुटणं शक्य नाही. आकड्यांच्या बाबतीत ते बरोबरच होते.

पण यंत्र चालवणारी माणसं होती, आणि खरी गोष्ट इथं सुरू होते.

प्रत्येक मेसेजसाठी ऑपरेटरला तीन-तीन अक्षरं मनानं निवडायची असत. दमलेला, कंटाळलेला पोरगा काय निवडणार? कीबोर्डवर शेजारी असलेली अक्षरं. प्रेयसीचं नाव. कुणी 'हिटलर' हा शब्द तीन-तीन अक्षरांत तोडून वापरायचा, कुणी 'बर्लिन'. आज पासवर्ड म्हणून कुणी १२३४५६ ठेवतं, कुणी पोराचं नाव, तसंच हे. एका इटालियन ऑपरेटरला म्हणे नुसता चाचणीचा मेसेज पाठवायला सांगितलं, तर पठ्ठ्यानं सबंध मेसेजभर एल हेच बटण दाबलं. एनिग्मात कुठलंही अक्षर बदलून पुन्हा तेच अक्षर म्हणून कधीच येत नसे. त्यामुळं आलेल्या मेसेजमध्ये एल कुठंच दिसेना. मेव्हिस लिव्हर नावाच्या तरुण मुलीनं हे हेरलं आणि नव्या चाकाची आतली जोडणी उघडी पडली.

शिवाय तेच तेच मेसेज. रोज ठरलेल्या वेळी हवामान, रोज 'विशेष काही नाही'. मूळ मजकुरात कुठले शब्द असणार याचा अंदाज असला की कोडमधल्या मजकुराशी तो ताडून पाहता येतो. ही ताडणी माणसानं करायची तर जन्म जाईल, म्हणून ट्युरिंगनं 'बॉम्ब' नावाचं यंत्र रचलं. एनिग्माचा पहिला पाया १९३२ मध्येच पोलंडच्या मारियन रेयेव्स्की आणि सहकाऱ्यांनी घातला होता, हे सिनेमे सांगत नाहीत. मार्च १९४० मध्ये पहिलं बॉम्ब बसलं, गॉर्डन वेल्चमननं त्यात सुधारणा केली. अंदाज लावायला शब्द मिळाले नाहीत तर ब्रिटिश विमानं मुद्दाम एखाद्या ठिकाणी समुद्रात सुरुंग टाकून यायची. जर्मन त्या जागेचं नाव घालून मेसेज पाठवायचे आणि ब्लेचलीला हवा तो शब्द मिळायचा. 'तुमचं केवायसी बंद होतंय, लगेच क्लिक करा' हा मेसेज टाकणारा माणूस याहून वेगळं काय करतो?

जर्मन नौदलाच्या डोनिट्झला मात्र संशय आला. तज्ज्ञ म्हणाले, एनिग्मा सुरक्षित आहे. तरी १ फेब्रुवारी १९४२ ला त्यानं अटलांटिकमधल्या यू-बोटींच्या यंत्रात चौथं चाक बसवलं. आजच्या भाषेत टू-फॅक्टर ऑन केलं. ब्लेचलीत अंधार झाला. दहा महिने काही वाचता येईना, समुद्रात जहाजांमागून जहाजं बुडत होती.

मग ३० ऑक्टोबर १९४२. भूमध्य समुद्रात यू-५५९ ही पाणबुडी बुडत होती. टोनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर हे दोन ब्रिटिश नौसैनिक आत शिरले, हवामानाच्या संकेतांचं पुस्तक बाहेर दिलं आणि पाणबुडीबरोबर तळाला गेले. त्या पुस्तकाच्या आधारे हट ८ मधल्या मंडळींना डिसेंबरमध्ये कळलं की हवामानाचे मेसेज पाठवताना जर्मन चौथं चाक चक्क निकामी ठेवतात. का? किनाऱ्यावरच्या हवामान केंद्रांकडं तीनच चाकांची यंत्रं होती. सोयीसाठी ठेवलेली एक फट, आणि नवं कुलूप तिथूनच निघालं. 'ओटीपी आला नाही तर दुसऱ्या मार्गानं लॉगिन करा' हा पर्याय हॅकरला इतका का आवडतो, ते यावरून समजेल.

ट्युरिंग तेव्हा अमेरिकेत होता. रूझवेल्ट आणि चर्चिल यांचं फोनवरचं बोलणं कुणाला ऐकता येऊ नये म्हणून बनवलेलं अवाढव्य यंत्र तपासायला गेला होता. ते खोली भरून होतं. परत आल्यावर त्यानं डॉन बेली या इंजिनिअरला घेऊन लहान पेट्यांत मावणारं यंत्र बनवलं. नाव 'डेलायला'. चर्चिलच्या भाषणाची रेकॉर्ड त्यातून घालून दाखवली तर नुसता खरखराट, दुसऱ्या टोकाला पुन्हा स्वच्छ आवाज. पण तोवर युद्ध संपत आलं होतं आणि डेलायला वापरात आलीच नाही.

पुढचं माहीत असेल. १९५२ च्या जानेवारीत त्याच्या घरी चोरी झाली आणि तो स्वतःच पोलिसांकडं गेला. चौकशीत त्याचे पुरुषाशी संबंध असल्याचं निघालं, तो तेव्हा गुन्हा होता. चोर राहिला बाजूला, शिक्षा ट्युरिंगला. तुरुंग टाळायचा तर हार्मोन्सचे उपचार, वर सरकारी गुप्त कामाचा परवाना रद्द. युद्धात काय केलं हे कोर्टात सांगायचीही सोय नव्हती, ते गुपितच होतं. ७ जून १९५४ ला सायनाइडनं त्याचा मृत्यू झाला. वय ४१. चौकशीत आत्महत्या असा निर्वाळा दिला गेला. ब्लेचलीची हकीकत लोकांना कळायला १९७४ उजाडलं, सरकारनं माफी मागितली २००९ मध्ये आणि २०२१ पासून ५० पौंडांच्या नोटेवर त्याचा फोटो आहे.

राहिली चांदी. युद्धानंतर ट्युरिंग मित्राला घेऊन ती शोधायला गेला. घरी बनवलेला मेटल डिटेक्टर सोबत होता. कोड त्याचाच, तो उलगडलाही. पण मधल्या काळात तिथला परिसरच बदलला होता, खुणा जागेवर नव्हत्या. १९५२ मध्ये पुन्हा एकदा प्रयत्न झाला, तोही वाया गेला. त्या दोन विटा आजवर कुणाला सापडल्याची नोंद नाही.